युरोपात शोधपत्रकारिता सुरू करताना

कागद कितीही पक्के असले तरी एकट्याने बातमी करू नकोस. माल्टात शोधपत्रकार डॅफ्नी कारुआना गलिझिया यांची १६ ऑक्टोबर २०१७ रोजी कारबॉम्बने हत्या झाली, तेव्हा त्यांच्यावर अब्रुनुकसानीचे ४० हून अधिक दावे चालू होते. पुढे १८ माध्यमसंस्थांच्या ४५ पत्रकारांनी त्यांचं अर्धवट काम हाती घेतलं. अशी साथ जिवंतपणीच मिळायला हवी, म्हणून दुसऱ्या देशातला सहकारी आधीच गाठ.

बातमी छापण्याआधी ज्याच्यावर आरोप आहे त्याला लेखी प्रश्न पाठव, उत्तराला पुरेशी मुदत दे आणि तो पत्रव्यवहार जपून ठेव. दावा ठोकला गेला तर वकील सगळ्यात आधी तोच मागतो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये अशा दडपशाहीच्या दाव्यांविरुद्ध निर्देश काढलाय. उघडपणे निराधार दावा न्यायालयाला लवकर फेटाळता येतो. पण हा निर्देश सीमापार दिवाणी प्रकरणांपुरताच आहे, हे विसरू नकोस.

आणि स्रोताने दिलेली फाइल जशीच्या तशी कुणाला दाखवू नकोस, माझी कळकळीची विनंती आहे. तिच्या गुणधर्मांत बनवणाऱ्याचं नाव, वेळ सगळं असतं. तेवढ्यावरून माणूस सापडतो.