मासे दिसले, पण वाढले का?

प्रश्न : समुद्रात मुद्दाम बुडवलेल्या एका जहाजाचा रोबॉटने काढलेला व्हिडिओ पाहिला. जहाजाभोवती माशांचे थवेच्या थवे होते आणि खाली लिहिलं होतं, ‘कृत्रिम भित्तिका यशस्वी’ (भित्तिका म्हणजे माशांना आसरा देणारी खडकासारखी रचना). अशा चित्रणावरून मासे खरंच मोजता येतात का? आणि पाणबुडे असताना रोबॉट कशाला?

उत्तर : रोबॉटचं आधी सांगते. साध्या हवेच्या टाकीवर ३० मीटर खोल गेलेल्या पाणबुड्याला तळाशी जेमतेम २० मिनिटं मिळतात. त्याहून जास्त रेंगाळलं, तर वर येताना टप्प्याटप्प्यावर थांबावं लागतं. फ्लोरिडातल्या पेन्साकोलापासून दूर समुद्रात २००६ साली बुडवलेली ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका तर ६० मीटरपेक्षाही खोल तळावर टेकलेली आहे. बोटीवरून केबलने वीज घेणारा आरओव्ही, म्हणजे दुरून चालवायचा पाण्याखालचा रोबॉट, तिथे तासन्‌तास काम करू शकतो. मात्र त्याला खरा धोका असतो तो त्याच केबलचा. जहाजाच्या कठड्यात किंवा तिथे अडकून राहिलेल्या जुन्या जाळ्यात ती गुंतली की सगळंच थांबतं. म्हणून अनुभवी चालक प्रवाह जिकडे वाहतो त्या अंगाला रोबॉट ठेवतो. मोटर बंद पडली तरी तो भित्तिकेवर आपटत नाही, बाजूला वाहत जातो.

आता मोजणी. माझं काम बोटीवर कमी आणि पडद्यासमोर जास्त. परवाच्या एका चित्रणात शेपटीला खाच पडलेला हेकरू डावीकडून आला, पाइपमागे गेला आणि थोड्या वेळाने पुन्हा डावीकडूनच आला. नंतर आणखी एकदा. ती खाच नसती तर एकाचे तीन मासे झाले असते. म्हणून आम्ही दिसेल तो मासा मोजत बसत नाही. एखाद्या जातीचे सर्वांत जास्त मासे एकाच वेळी ज्या फ्रेममध्ये दिसतात ती फ्रेम शोधायची आणि तेवढाच आकडा लिहायचा. हा आकडा खऱ्यापेक्षा कमीच असतो. कपारीत दडलेले वाम आणि बोटाएवढे तळमासे तर त्यात येतच नाहीत. तरीही मी याच आकड्यावर विश्वास ठेवते, कारण तो फुगत नाही, आणि प्रत्येक वेळी तसाच काढला तर या वर्षीचा गेल्या वर्षीशी ताडून पाहता येतो.

त्यासाठी चित्रणही तसंच व्हावं लागतं : तोच वेग, तळापासून तेवढीच उंची, तेवढेच दिवे, दिवसाची तीच वेळ. मोटरच्या आवाजाने काही जाती पळतात, काही कुतूहलाने थेट भिंगासमोर येतात. दिवे भिंगाला चिकटून लावले तर पाण्यातला गाळ उजळतो आणि चित्र दुधाळ होतं. ते दोन्ही बाजूंना लांब धरावे लागतात. दिव्याशिवायही भागत नाही, कारण प्रकाशातला लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. खाली लाल स्पंज काळपट दिसतो, दिवा पडला की एकदम लालभडक.

माशाची लांबी मोजायला दोन समांतर लेझर वापरतात, समजा १० सेंटीमीटर अंतरावर. दोन्ही ठिपके माशाच्या अंगावर पडले आणि मासा आडवा असला तरच ते माप खरं. दोन कॅमेऱ्यांची जोडी जास्त भरवशाची, पण तिचं मोजमाप पाण्यातच जुळवून घ्यावं लागतं. कारण कॅमेऱ्यापुढच्या सपाट काचेतून पाण्यातली वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठी दिसते.

एवढं करूनही ‘यशस्वी’ म्हणता येत नाही. तो शब्द असा सहज वापरलेला पाहिला की मला मनापासून वाईट वाटतं. बुडवलेल्या जहाजाभोवती मासे जमतातच. ते तिथे नव्याने वाढले की शेजारच्या खडकावरून इकडे आले, हे एका चित्रणातून कळत नाही. जहाज बुडवण्याआधीचं चित्रण हवं, जवळच्या नैसर्गिक खडकाचं आणि मोकळ्या वाळूचं त्याच पद्धतीने केलेलं हवं, पिल्लांची वेगळी नोंद हवी. मेक्सिकोच्या आखातातल्या कृत्रिम भित्तिकांवर लायनफिशही भरपूर सापडतात. ही तिथली मूळची जात नाही आणि ती स्थानिक माशांची पिल्लं खाते. व्हिडिओत मात्र तीच सगळ्यात देखणी दिसते.

शिवाय भित्तिका स्वतः जागेवर आहे का, हेही सोनारने, म्हणजे ध्वनिलहरींनी तळाचं चित्र काढणाऱ्या यंत्राने, पाहत राहावं लागतं. फ्लोरिडातच फोर्ट लॉडरडेलजवळ १९७०च्या दशकात सुमारे २० लाख टायर समुद्रात टाकले होते. त्यांना बांधणारे पट्टे तुटले, टायर मोकळे झाले आणि वाहत जाऊन जवळच्या जिवंत प्रवाळावर आदळले. ते अजूनही पूर्ण निघालेले नाहीत.

प्रश्न : आता संगणकच मासे ओळखतो म्हणतात. मग माणूस लागतो का?

उत्तर : लागतो. स्वच्छ पाणी आणि नेहमीच्या जाती असल्या की संगणक छान मोजतो आणि माझे कितीतरी तास वाचवतो. गढूळ पाण्यात, एकमेकांआड गेलेल्या माशांत किंवा क्वचित दिसणाऱ्या जातीत तो चुकतो. नव्या जागेचं चित्रण आलं की त्यातला काही भाग आधी माणसाने मोजावा आणि संगणकाचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा. फरक मोठा निघाला तर ते सगळं चित्रण माणसानेच बघावं.