कोकणातील जुन्या घराचे कोरीव लाकडी खांब बुडाशी कुजले आहेत. ते बदलावेत की दुरुस्त करता येतात?

आपण लिहिले आहे की दापोली तालुक्यातील आपल्या आजोबांच्या घराच्या ओटीवर चार कोरीव सागवानी खांब आहेत. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात कौले उडाली, तो सगळा पावसाळा ओटी भिजत राहिली आणि आता दोन खांब बुडाशी मऊ लागतात. सुतार चारही खांब काढून सिमेंटचे घालण्यास सांगतो, आणि निघालेले खांब उचलण्यास शहरातला एक व्यापारी टपून बसला आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यात जुन्या घरांची आणि देवळांची लाकडी कामे दुरुस्त करतो. हा प्रश्न मला दर पावसाळ्यानंतर कोणीतरी विचारतोच. खांब काढू नका. आपल्या वर्णनावरून गेलेला भाग फार तर बुडाचा फूटभर असावा, आणि तेवढाच बदलता येतो.

हे मी प्रत्यक्ष न पाहता लिहीत असल्याने खात्री आपणच करून घ्यावी. पटाशीच्या मुठीने खांबावर खालून वर ठोकत जा. धड लाकूड टणक आवाज देते, कुजलेले लाकूड ओल्या गोणीवर मारल्यासारखे भद वाजते, आणि पोकळ झालेले लाकूड घुमते. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने रेघ मारा. मग दाभण घेऊन चारही बाजूंनी टोचून पाहा: धड सागात ते जेमतेम नखभर शिरते, कुजक्या भागात बोटभर सहज जाते आणि ओढून काढताना टोकाला तपकिरी भुगा येतो. हेच तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकांनाही करावे. जांभ्याच्या भिंतीत पुरलेले टोक बाहेरून निरोगी दिसते आणि आतून मातीसारखे झालेले असते. खांबाच्या बुडापेक्षा मला त्याचीच धास्ती अधिक वाटते, कारण ते कोणी पाहत नाही.

आता कारणाकडे वळतो, कारण त्याशिवाय केलेली दुरुस्ती पाच-सात वर्षांत पुन्हा त्याच जागी येते. दोष आपण वादळाला देत आहात. माझा संशय मात्र ओटीवरच्या टाइल्सवर आहे. जुन्या सुतारांनी खांब कधीच जमिनीत पुरला नाही. तो दगडी तळखड्यावर उभा केला, आणि तळखडा सारवलेल्या जमिनीपेक्षा चार-सहा बोटे वर ठेवला, म्हणजे ओटी धुतली तरी पाणी लाकडाला लागू नये. पुढे सारवण गेले, कोबा आला, कोब्यावर टाइल्स आल्या, आणि प्रत्येक वेळी जमीन दोन-तीन इंच वर चढून शेवटी तळखडा तिच्या पोटात गडप झाला. गवंडी टाइल खांबाला चिकटवून बसवतो आणि फट सिमेंटने बुजवतो, त्यामुळे खांबाभोवती एक वाटी तयार होते. लाकडाचे छेदलेले टोक उभ्या बाजूपेक्षा कितीतरी पट वेगाने पाणी ओढते, आणि ते नेमके त्या वाटीत बसलेले असते. वर तेलरंगाचे तीन हात दिलेले असतील तर आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडण्याची वाटही उरत नाही. वादळाने हे काम घाईने पुरे केले असेल, पण सुरुवात टाइल्स बसल्या त्या दिवशीच झाली असणार.

कुजवणारी बुरशी लाकडातील ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय जोर धरत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की छपराखालचे कोरडे लाकूडही १८-२० टक्क्यांपर्यंत पोहोचते, मात्र कार्तिकानंतर वारे फिरले की ते पुन्हा १२-१४ वर उतरते. शंभर वर्षे हा चढउतार सोसून खांब उभा आहे, म्हणजे पावसाचा ओलावा त्याला मारत नाही. त्याला मारतो तो न सुकणारा ओलावा. म्हणून पहिले काम सुताराचे नव्हे, गवंड्याचे आहे. प्रत्येक खांबाभोवती वीतभर रुंदीची टाइल आणि कोबा कापून तळखडा उघडा करा आणि ओटीचा उतार बाहेर खळ्याकडे काढून घ्या. हे आजच करता येते.

लाकडाचे काम मात्र दिवाळीनंतर, खांबांची बुडे दोन महिने उघडी राहून सुकल्यावर करावे. ज्या खांबाचे काम असेल त्याच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली टेकू आणि स्क्रू जॅक लावून तुळई हलकेच उचलतात. दोन-तीन मिलिमीटर पुरे, त्याहून अधिक उचलले तर वरची कौले सरकतात आणि जुने सांधे कुरकुरू लागतात. मग खडूच्या रेघेपासून चार बोटे वर, धड लाकडात, कापायचे. आडवा सरळ काप देऊन खाली ठोकळा ठेवू देऊ नका, तो आज ना उद्या बाजूला सरकतो. जुन्या खांबाचा अर्धा आणि नव्या तुकड्याचा अर्धा भाग एकमेकांना उभा चिकटून बसेल असा सांधा घ्यावा. सात इंची चौकोनी खांबाला मी या चिकटणाऱ्या भागाची लांबी निदान वीस इंच धरतो, आणि दोन्ही टोकांना काटकोनात खाचा ठेवतो, म्हणजे वरचे वजन सरळ लाकडावरून लाकडावर उतरते, मेखांवर येत नाही. मेखा खैराच्या घालतो. जुन्या लाकडातले भोक आणि नव्या लाकडातले भोक यांत दीड-दोन मिलिमीटरचा फरक मुद्दाम ठेवला की मेख ठोकताना सांधा आपोआप आवळला जातो. यात चुंबकाला चिकटणारे काहीही नसते. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधा खिळा गंजून फुगतो आणि ज्या लाकडाला धरायचे त्यालाच फोडतो. अगदी गरजच पडली तर ३१६ प्रतीचे स्टेनलेस किंवा पितळी बोल्ट वापरावेत.

तळखड्याच्या मधोमध बहुधा एक खळगा सापडेल, ज्यात खांबाचे कुसू, म्हणजे बुडाचे निमुळते टोक, बसते. त्या खळग्यात पाणी साचते, म्हणून नव्या तुकड्याच्या बुडाखाली शिशाचा पातळ पत्रा खांबापेक्षा किंचित लहान कापून घालावा. मोठा कापला तर त्याच्या काठावर पाणी थांबते.

नवे लाकूड सागाचेच हवे, आणि शक्यतो जुने. पाडलेल्या घरांच्या तुळया गावोगाव मिळतात, त्यातला गाभ्याचा भाग निवडावा. उभा साग तोडायचा तर वनखात्याची परवानगी आणि वाहतुकीचा पास लागतो, शिवाय ते लाकूड या हंगामात वापरताच येणार नाही. ही गोष्ट मी स्वतःच्या चुकीने शिकलो. धंद्यात नवा असताना एका देवळाच्या सभामंडपातील नक्षीपट्टीसाठी मी वखारीवाल्याच्या शब्दावर सागाची आठ इंची फळी घेतली. पावसाळा नुकताच संपला होता. पट्टी अशी बसली की सांध्यात नख जात नव्हते, आणि उत्सवाला देवस्थानच्या मंडळींनी माझा नारळ देऊन सत्कारही केला. चैत्रात पाहतो तो कडेला तीन मिलिमीटरची फट! सागाची, वलयांना समांतर कापलेली फळी २० टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आली की २०० मिलिमीटरमागे जवळजवळ तेवढीच आखडते. हिशेब सोपा होता, मी तो केला नव्हता. तेव्हापासून ओलावा मोजण्याचे लहान यंत्र माझ्या पिशवीत असते, आणि आपल्या सुताराकडे ते नसेल तर आपण स्वतः विकत घ्यावे. नव्या तुकड्याचा आकडा जुन्या खांबाच्या आकड्याशी दोन टक्क्यांच्या आत जुळला पाहिजे.

कोरीव कामाबद्दल आपण विचारले आहे की यंत्रावर हुबेहूब नक्षी काढून मिळते, तर ती का घेऊ नये. बुडाचा फूटभर भाग बहुधा साधा चौकोनी असतो, नक्षी त्याच्या वर सुरू होते, त्यामुळे कदाचित हा प्रश्न उभाच राहणार नाही. कमळाच्या पाकळ्यांची खालची एखादी रांग गेली असेल तर तेवढी हाताने कोरून घ्यावी. शेजारच्या धड खांबावर कागद धरून शिसपेन्सिल घासली की खाका मिळतो, आणि त्या खाक्यात दिसते की एकही पाकळी दुसरीसारखी नाही. मूळ कारागिराने प्रत्येक पाकळी देठाकडून टोकाकडे, लाकडाच्या रेषेच्या कलाने कापलेली असते. जिथे रेषा उलटली तिथे त्याने पटाशी फिरवून समोरून घेतली, आणि तो बदललेला काप तिरप्या उजेडात आजही दिसतो. यंत्राचे गोल पाते सगळीकडे सारखे फिरते आणि मग उरलेल्या जुन्या पाकळ्याच चुकल्यासारख्या वाटू लागतात. दापोली तालुक्यातच मुरूडच्या दुर्गादेवी मंदिराचे कोरीव लाकडी खांब आहेत. सुताराला घेऊन एकदा तिथे जाऊन या. तासभर खांबांपुढे बसलात तर मी काय म्हणतो ते त्याला माझ्या शब्दांविना कळेल. नव्या तुकड्याला डांबर-चहा चोळून जुना दाखवण्याचा खटाटोप मात्र करू नये. मी त्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला दुरुस्तीचे साल कोरून ठेवतो, म्हणजे पुढच्या माणसाला जुने कुठे संपले ते समजते.

खांबांवरचा तेलरंग काढायचा असेल तर बत्तीने जाळू नका, कॉस्टिक सोडा लावू नका आणि ग्राइंडर तर जवळही आणू नका. सोड्याने साग काळा पडतो आणि ग्राइंडरने पाकळीची कड एका क्षणात जाते. आपल्याकडे घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपर्यंत आणण्याचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला; त्याआधीच्या थरांत शिसे असणार असे धरूनच चालावे. रंग मऊ करणारी पेस्ट, बांबूची चपटी काडी, तोंडाला मास्क, आणि मुलांना तेवढे दिवस दुसऱ्या घरी.

किडीचे थोडक्यात सांगतो. खांबाच्या एका कडेवरून पिठासारखा भुगा पडतो असे आपण म्हणता. ती कड फिकट रंगाची असेल तर तो सागाचा बाहेरचा पांढरा भाग आहे. किडा तोच खातो, गाभ्याला सहसा शिवत नाही. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड यांचे १.५ ला १ प्रमाणातील द्रावण कोऱ्या, रंगविरहित लाकडाला दोन-तीनदा ब्रशने पाजावे. पावसात ते धुऊन जाते, म्हणून वर बेलतेलाचा (उकळलेल्या जवसाच्या तेलाचा) हात हवा. वाळवी मात्र जमिनीतून मातीच्या नळ्या करून येते. तिच्यासाठी लाकडाला काही फासण्यापेक्षा जमिनीवर उपचार करावा, आणि तळखडा उघडा असला की नळी चढताना डोळ्यांना दिसते हा त्याचा दुसरा फायदा. आपल्या आजोबांच्या काळी वाशांना काजूच्या टरफलाचे तेल लावत. ते आजही उत्तम आहे, पण हातमोजे घालूनच लावा, कातडी अक्षरशः सोलून निघते.

सिमेंटच्या खांबांबद्दल एवढेच, की समुद्रापासून जवळच्या गावात त्यांच्या आतली सळई गंजून वीस-पंचवीस वर्षांत पापुद्रे सुटलेले मी अनेक घरांत पाहिले आहेत. व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी. तो जो आकडा सांगतो तो आपल्याला मोठा वाटेल, परंतु तो खांबांच्या वरचे कोरीव हस्तही, म्हणजे तुळईला आधार देणारे बाहूही, त्याच बोलीत मागेल, आणि ते काढले की तुळई खाली घ्यावीच लागते. बुड बदलण्याचे काम दोन कारागिरांना एका खांबामागे चार-पाच दिवसांचे आहे. त्या मजुरीचा अंदाज घेऊन मगच त्याला उत्तर द्या.

टेकू लावण्याआधी प्रत्येक खांबाचे वरचे टोक आणि हस्त यांचे जवळून फोटो काढून ठेवावेत. सांध्याशेजारी पटाशीने मारलेल्या एक, दोन, तीन अशा रेघा दिसतील. त्या मूळ सुताराच्या जुळणीच्या खुणा आहेत आणि आपल्या माणसाने रंग खरवडताना त्या घासून टाकल्या तर कोणता हस्त कुठला होता हे कोणालाच सांगता येणार नाही. उघडा केलेला तळखडा आणि दाभण टोचून पाहिलेली तुळईची टोके यांचे फोटो इथे टाकलेत तर काप नेमका कुठे घ्यावा ते मी सांगू शकेन.