पाटी काढली, भाडेकरू आतच

प्रश्न : क्रोममध्ये वरच्या पट्टीवर सात-आठ चित्रं जमली होती. मुलाने फोनवर सांगितल्याप्रमाणे सगळी 'अनपिन' केली. पट्टी स्वच्छ झाली, पण लॅपटॉप रखडायचा तो रखडतोच आहे. (निवृत्त शिक्षिका, नौपाडा)

उत्तर : बाई, तुम्ही दारावरची पाटी काढलीत, भाडेकरू आतच राहतोय. ती चित्रं म्हणजे एक्स्टेंशन्स, क्रोमला जोडलेले छोटे प्रोग्रॅम. अनपिन केलेलं, म्हणजे पट्टीवरून नुसतं लपवलेलं एक्स्टेंशन कोड्याच्या तुकड्यासारख्या दिसणाऱ्या चित्रामागे जाऊन बसतं आणि काम चालूच ठेवतं. त्या तुकड्यावर क्लिक करा, नावापुढचे तीन ठिपके दाबा आणि 'रिमूव्ह फ्रॉम क्रोम' निवडा. वेग वाढेलच असं नाही, कारण दुसरंही असू शकतं. पण सुरुवात इथूनच करायची.

तिथेच 'मॅनेज एक्स्टेंशन' उघडून 'साइट अ‍ॅक्सेस'ही बघा. परवा आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या लॅपटॉपवर पीडीएफची वर्ड फाइल करून देणारं एक्स्टेंशन सापडलं. काकांनी ते कधीतरी एका अर्जासाठी एकदाच वापरलेलं. त्यापुढे लिहिलं होतं 'ऑन ऑल साइट्स'. म्हणजे काका बँकेचं पान उघडतील तेही वाचायची त्याला मुभा! त्याने काही वाचलं असेल असं मी म्हणत नाही, पण घराची किल्ली कशाला देऊन ठेवायची?

प्रश्न : मी एक्स्टेंशन काढतो, दुसऱ्या दिवशी ते परत हजर. काढायचं बटणच कधीकधी फिकं दिसतं. (ऐरोली)

उत्तर : लॅपटॉप कंपनीचा असेल तर हात लावू नका, आयटीवाल्यांना सांगा. स्वतःचा असेल आणि तरीही क्रोमच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' दिसत असेल, तर एखाद्या प्रोग्रॅमने पॉलिसी, म्हणजे क्रोमला बांधून ठेवणारा नियम, घुसवलेली असते. कधी तो अँटिव्हायरसही असतो, म्हणून लगेच घाबरू नका. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स' उघडा, यादी तारखेनुसार लावा आणि त्रास सुरू झाला त्या सुमाराला काय आलं ते पाहा. फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर 'नेक्स्ट, नेक्स्ट' करताना आधीच टिक केलेल्या चौकोनातून ही मंडळी शिरतात. आधी मूळ प्रोग्रॅम काढा, मग क्रोमचं 'रीसेट सेटिंग्ज' करा. बुकमार्क आणि पासवर्ड राहतात, कुकीज (साइट्सनी तुमची ओळख लक्षात ठेवायला साठवलेल्या नोंदी) मात्र जातात, त्यामुळे सगळीकडे पुन्हा लॉगइन करावं लागेल.

प्रश्न : फायरफॉक्समध्येही असंच करायचं का? (वाशी)

उत्तर : जवळपास. चित्रावर राइट क्लिक करा. 'रिमूव्ह एक्स्टेंशन' म्हटलं की जातं. होम, डाउनलोड्स अशी ब्राउझरची स्वतःची बटणं त्याच मेनूतल्या 'कस्टमाइज टूलबार'मधून ओढून बाहेर टाका.

प्रश्न : कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात व्हायरस' असे निरोप येतात. कुठलं चित्र काढू? (नेरुळ)

उत्तर : कुठलंच नाही. कधीतरी एखाद्या साइटने 'निरोप पाठवू का' असं विचारलं आणि तुम्ही 'अलाउ' दाबलंत. क्रोमच्या 'साइट सेटिंग्ज'मध्ये 'नोटिफिकेशन्स' उघडा आणि परवानगी दिलेल्या यादीतली अनोळखी नावं काढा. निरोपात फोन नंबर असेल तर तो लावू नका.