पावसात सायकल घसरून पडलो. आता पावसाळाभर सायकल बंद ठेवावी का?

तुम्ही लिहिलंय की वळवाची सर पडत होती, सिग्नल लाल झाला म्हणून ब्रेक दाबले, झेब्रा पट्ट्यांवर सायकल बाजूला निसटली आणि उजवा तळहात टेकून पडलात. आठवडा उलटला, मनगट अजून दुखतंय, पण ‘मुका मार असेल’ म्हणून मलम चोळताय. वर घरच्यांनी फर्मान काढलंय की दसऱ्यापर्यंत सायकलला हात लावायचा नाही. सायकलीचं सांगतोच, पण आधी मनगटाचं.

उजव्या हाताचा अंगठा ताठ करून वर उचला. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, दोन ताणलेल्या शिरांमध्ये एक खळगा पडतो. त्यात दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबून बघा. नेमकं तिथेच दुखलं तर मलम बाजूला ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. त्या खळग्याखाली स्कॅफॉइड नावाचं हाड असतं, काजूएवढं आणि थोडंफार काजूच्याच आकाराचं. तळहात टेकून पडलं की ते तडकू शकतं. सूज फारशी येत नाही, हात हलतो, आणि पहिल्या एक्स-रेत चीर बऱ्याचदा दिसतही नाही. म्हणून डॉक्टर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात किंवा एमआरआय करतात. या हाडाला रक्तपुरवठा मुळातच बेताचा, त्यामुळे दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही आणि मनगट पुढे कायमचं त्रास देतं. खळग्यात दुखत नसलं तरी आठवडाभर न थांबलेलं दुखणं दाखवायलाच हवं. तोवर चोळून घेऊ नका, घरी नको आणि मालीशवाल्याकडे तर नकोच.

मी डॉक्टर नव्हे. पुण्यात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि मी स्वतः बारमाही सायकल चालवतो. जून उजाडला की दुकानात पडलेल्या सायकली यायला लागतात, आणि सायकलीबरोबर मालकही येतो, कुणाचा हात गळ्यात, कुणाचा गुडघा सोललेला. कोण कसं पडलं ते सायकलच सांगते. ब्रेकची मूठ, हँडलचं टोक आणि पेडलची कड एकाच बाजूला घासलेली असली की समजायचं, चाक निसटून सायकल आडवी झाली. पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, मागे दबलेला असला की ती खड्ड्यात किंवा कशावर तरी आपटली. पावसाळ्यात पहिला प्रकार जास्त. आणि त्यातल्या बहुतेकांची हकीगत तुमच्यासारखीच असते: ‘काही नाही हो, नुसता ब्रेक दाबला.’

त्या ‘नुसता’मध्येच सगळं आलं. निसरड्या जागेवरून चाक नुसतं फिरत गेलं तर ते सहसा निसटत नाही. त्याच क्षणी तुम्ही ब्रेक दाबला, हँडल वळवलं, सायकल कलती केली किंवा पेडलवर जोर दिला, तर निसटतं. टायरला रस्त्याची पकड ठरावीकच मिळते, आणि थांबायला, वळायला, वेग घ्यायला ती त्याच एका साठ्यातून वापरावी लागते. कोरड्या डांबरावर साठा भरपूर असतो, म्हणून वळता वळता ब्रेक दाबला तरी निभावतं. ओल्या पट्टीवर तोच साठा इतका उरतो की एका वेळी दोन गोष्टी मागितल्या की संपला.

आता तुम्ही नेमके वळवाच्या सरीतच का पडलात? कारण ती सर सगळ्यात वाईट. महिनोन्‌महिने रस्त्यावर गाड्यांचं गळलेलं ऑइल, डिझेल, टायरची झीज आणि धूळ साचलेली असते. पहिलं थोडंसं पाणी पडलं की या सगळ्याचा पातळ चिकट थर वर येतो. पाऊस धो धो पडत राहिला तर तो वाहून जातो आणि रस्ता उलट बरा होतो. म्हणजे भुरभुर पाऊस जास्त धोक्याचा आणि जुलैतली संततधार त्या मानाने बरी. लोक याच्या बरोबर उलट वागतात. भुरभुर असली की रोजच्याच वेगाने जातात आणि मुसळधार असली की जपून.

हे फक्त आपल्या रस्त्यांचं गाऱ्हाणं नाही. २९ ऑगस्ट २०२० रोजी टूर द फ्रान्स शर्यतीचा पहिला टप्पा फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस शहराच्या आसपास होता. उन्हाळाभर तापलेल्या, कोरड्या रस्त्यांवर त्या दिवशी पाऊस आला आणि जगातले निवडक सायकलपटू एकामागून एक घसरून पडू लागले. शेवटी खेळाडूंनीच आपसात ठरवून उतारांवर वेग कमी केला. टोनी मार्टिन हा जर्मन सायकलपटू दोन्ही हात पसरून सगळ्यांना ‘सावकाश, सावकाश’ म्हणत पुढे चालला होता. अस्ताना संघाने तरी उतारावर जोर लावून बघितला आणि त्यांचाच मिगेल आंखेल लोपेझ घसरत जाऊन रस्त्याकडेच्या पाटीवर आदळला. ज्यांचं पोट सायकलीवर आहे त्यांनी तिथे वेग सोडला, तर आपण ऑफिसला पाच मिनिटं उशिरा पोचलो म्हणून काय बिघडतं?

पुण्यात घसरायच्या जागा बघायच्या तर पहिला मान पांढऱ्या रंगाचा. झेब्रा पट्टे, बाण, थांबण्याची रेघ. तो रंग म्हणजे वितळवून ओतलेलं प्लॅस्टिकसारखं द्रव्य असतं, डांबराचा खडबडीतपणा तो बुजवून टाकतो. त्यानंतर लोखंड: चेंबरची झाकणं, पुलावरच्या जोडाच्या पट्ट्या, खोदकामावर टाकलेले पत्रे. यांच्यावरून जावंच लागलं तर हँडल सरळ ठेवायचं, पेडल थांबवायचं आणि जाऊ द्यायचं. रेल्वे फाटकात रूळ शक्यतो काटकोनात ओलांडायचे, त्यासाठी आधी थोडं वळण घ्यावं लागलं तरी चालेल. हाच नियम डांबराच्या थरांच्या कडेला. आपल्याकडे जुन्या रस्त्यावर नवा थर टाकतात आणि कडेला दोन-तीन बोटांची पायरी सोडतात. ओल्यात तिच्यावर तिरकं-तिरकं चढायला गेलं की पुढचं चाक त्या कडेला घासत राहतं, चढत काही नाही, आणि माणूस उजवीकडे, म्हणजे ऐन रहदारीत पडतो.

झाडांच्या भानगडी वेगळ्या. जूनमध्ये जांभळाच्या झाडाखाली चिरडलेल्या जांभळांचा लगदा असतो, पीतमोहराखाली पिवळ्या पाकळ्यांचा सडा. फोटोला छान, चाकाला नाही. ऑगस्टपर्यंत सावलीतल्या रस्त्यांच्या कडेला आणि पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं. मुद्दाम बांधलेल्या सायकल ट्रॅकवरही धरतं, त्यामुळे पावसाळ्यात मी बऱ्याच ठिकाणी ट्रॅक सोडून रस्त्यावरूनच जातो. लोक नावं ठेवतात, ठेवोत. वळणावर, विशेषतः बस वळतात तिथे, पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर ते सांडलेलं डिझेल. तिथे सरळ उतरा आणि चालत पुढे जा.

ब्रेकचं थोडं सविस्तर सांगतो, कारण अर्धवट सल्ले याच बाबतीत फार मिळतात. ‘पावसात पुढचा ब्रेक लावायचाच नाही’ असं तुम्हालाही कुणीतरी सांगितलं असेल. सायकल थांबवण्याचं बरंचसं काम पुढचा ब्रेकच करतो, तो सोडला तर थांबायला फार लांब जावं लागतं. खरं भय आहे ते चाक जाम होण्याचं. मागचं चाक जाम होऊन घसरलं तर मूठ सोडली की सायकल बहुधा सावरते, पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून दोन्ही ब्रेक, पण हलके, लवकर, आणि सायकल सरळ असताना. वळणाआधी वेग उतरवून घ्यायचा आणि वळणात मुठी मोकळ्या सोडायच्या. तुमची सायकल रिंगवर रबर घासणाऱ्या ब्रेकची असेल तर रिंग ओली असताना पहिली एक-दोन चक्कर ब्रेक नुसतं पाणी पुसतो, लागत नाही. लोक घाबरून मूठ आवळतात, पाणी पुसलं जातं आणि ब्रेक एकदम पकडतो. तुमच्या बाबतीत असंच झालं असावं असा माझा अंदाज आहे. यावर उपाय म्हणजे सिग्नल दिसायला लागला की आधीच रबर रिंगला हलकं टेकवून ठेवायचं. डिस्क ब्रेकला हा त्रास कमी, पण डिस्क ब्रेकने टायरची पकड वाढत नाही, हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. आणखी एक: आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. तुमची कुणी परदेशातून आणलेली असेल तर उलटा असू शकतो, एकदा बघून घ्या.

टायरच्या बाबतीत गिऱ्हाईक हमखास विचारतं, ‘जाड नक्षीचं टाकू का?’ डांबरी रस्त्यासाठी गरज नाही. मोटारीचं टायर वेगात पाण्यावर तरंगतं तसं सायकलचं आपल्या वेगाला तरंगत नाही: टायर अरुंद, हवेचा दाब जास्त. नक्षीपेक्षा रबर मऊ आणि ताजं असणं महत्त्वाचं. वर्षानुवर्षं उन्हात उभ्या सायकलीचं टायर नक्षी शाबूत असूनही दगडासारखं कडक होतं आणि बारीक तडे धरतं, ते गोटा झालेल्या टायरइतकंच वाईट. पावसाळ्यात हवा थोडी कमी ठेवा. हायब्रिड सायकलीत पन्नास पीएसआय भरत असाल तर चाळीस-पंचेचाळीस. टायरच्या कडेवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब लिहिलेला असतो, त्यातल्या कमीत कमीच्या खाली मात्र जाऊ नका, नाहीतर खड्ड्यात ट्यूब रिंगखाली चिमटून पंक्चर होते.

घरच्यांचं म्हणाल तर मी त्यांच्याशी अर्धा सहमत आहे. पावसाळाभर बंद कशाला? पण कोरड्या खंडानंतरच्या पहिल्या सरीत अर्धा-पाऊण तास आडोशाला थांबा. रस्त्यावर तळ दिसत नाही इतकं पाणी असेल तर त्यात सायकल घालू नका. खाली खड्डा आहे की उघडं चेंबर ते कळत नाही. विजा चमकत असताना नको. ढगळ संध्याकाळी मागचा लाल दिवा लावल्याशिवाय नको. पायघोळ घोंगता रेनकोट चेनमध्ये अडकतो, त्यापेक्षा आखूड जाकीट बरं. आणि एका हातात छत्री धरून चालवणाऱ्यांना मी दुकानातून ओरडतो.

हेल्मेट घाला. आपल्याकडे सायकलला सक्ती नाही, शर्यतीतही एके काळी नव्हती. २००३ च्या पॅरिस–नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव हा कझाकस्तानचा सायकलपटू डोक्याला मार लागून गेला, तेव्हा त्याने हेल्मेट घातलं नव्हतं, आणि त्याच वर्षी ते सक्तीचं झालं. एकदा आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी बदला, आतला फोम दबून एकदाच काम करतो.

पुढे कधी पडलात तर लगेच उठून ‘काही नाही, काही नाही’ म्हणत निघू नका. रहदारीतून बाजूला होऊन पाच मिनिटं बसा. मान दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील तर हलूच नका, १०८ ला फोन करायला सांगा. डोकं आपटलं असेल तर पुढचे एक-दोन दिवस घरातल्या कुणाला तरी लक्ष ठेवायला सांगा. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बरळणं, कानानाकातून रक्त किंवा पाणी येणं, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर लक्षणांची वाटही बघू नका. पोटात हँडलचं टोक घुसलं असेल तर बाहेर नुसता गोल वळ दिसतो, पण आत प्लीहा किंवा यकृताला इजा झालेली असू शकते आणि ती काही तासांनी जाणवते. लहान मुलांत हे जास्त होतं, कारण त्यांच्या सायकलींच्या मुठींचं रबर टोकाला फाटून आतली नळी उघडी पडलेली असते. मुलांच्या मुठी आजच बघा, नव्या मुठी महाग नसतात.

खरचटलेलं वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, अगदी डोळ्यांत पाणी आलं तरी. आत राहिलेली खडी-माती नंतर काळा डाग होऊन कायमची राहते, आणि जखम चिघळते ती वेगळीच. हळद, टूथपेस्ट काही भरू नका. रस्त्यावरची जखम मळकीच धरायची, तेव्हा धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांपूर्वीचं असेल तर पुन्हा घ्या.

आणि तुमच्या त्या पडलेल्या सायकलीवर अजून कुणी बसू नये. पुढचं चाक दोन पायांत घट्ट धरून हँडल एकटंच फिरतंय का बघा, फिरलं तर ते सैल झालंय. चाक उचलून फिरवा, रिंग रबराला लागत असेल तर आउट, म्हणजे रिंगचा वाकडेपणा, काढावा लागेल. गिअरची असेल आणि उजव्या अंगावर पडली असेल तर मागून बघा: गिअर बदलणारा लोंबता भाग चाकाच्या बाजूला आत वाकलेला दिसला तर सगळ्यात हलक्या गिअरवर मुळीच टाकू नका. तो आऱ्यांत शिरतो आणि मागचं चाक चालत्या सायकलीत जाम होतं. तो धरणारा हँगर दुकानात थोड्या वेळात सरळ करून मिळतो. चिमटा वाकला असेल तर मात्र सरळ करून मागू नका, नवा टाका.