आईच्या बाटलीत ग्लुकोज का नव्हते?

प्रश्न : माझ्या सुनेचे सिझेरियन गेल्या महिन्यात झाले. आदल्या रात्री नऊला ती जेवली, त्यानंतर पाण्याचा घोटही घेऊ दिला नाही, आणि ऑपरेशन सकाळी साडेअकराला झाले. इतकी उपाशी असूनही तिला ग्लुकोज न लावता ‘रिंगर लॅक्टेट’ लिहिलेल्या बाटल्या लावल्या. बाळाचे वजन २.२ किलो होते. दोन तासांनी त्याची टाच टोचली तर साखर ३२ निघाली, दूधही ते नीट ओढत नव्हते, म्हणून त्याला मात्र शिरेतून ग्लुकोज दिले. आईलाच आधी दिले असते तर बाळाची साखर उतरली नसती, असे शेजारी म्हणतात. ते खरे आहे का?
– एक आजी, ऐरोली

उत्तर : आपण बाटलीवरचे नाव वाचलेत हे फार बरे केलेत, कारण आपल्याकडे शिरेतून जाणाऱ्या प्रत्येक पाण्याला सलाईनच म्हणतात, आणि येथे सगळा फरक त्या लेबलातच आहे. रिंगर लॅक्टेट म्हणजे क्षारांचे पाणी, त्यात साखर नसते; ग्लुकोजच्या बाटलीवर मात्र ‘डेक्स्ट्रोज’ लिहिलेले असते, ते ग्लुकोजचेच दुसरे नाव.

पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते. निरोगी माणसाच्या संपूर्ण रक्तात एका वेळी जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, साखर फिरत असते. पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली की रक्तदाब उतरतो आणि तो सावरण्यासाठी सलाईन भराभर सोडावे लागते. त्या वेळी बाटली डेक्स्ट्रोजची असेल, तर आईची साखर एकदम चढते. शिवाय त्यातले ग्लुकोज शरीराने वापरले की उरते ते नुसते पाणी, आणि ते रक्तवाहिन्यांत फारसे टिकत नसल्यामुळे रक्तदाबालाही त्याचा आधार मिळत नाही.

बाळाचे गणित याहून नाजूक आहे. ग्लुकोज वारेतून सहज पलीकडे जाते, पण आईचे इन्सुलिन जात नाही; त्यामुळे आईची साखर चढली की बाळाची चढते आणि ती उतरवण्यासाठी बाळाचे स्वतःचे स्वादुपिंड इन्सुलिन सोडू लागते. नाळ कापताक्षणी साखरेचा पुरवठा थांबतो, इन्सुलिन मात्र रक्तात राहते, आणि बाळाची साखर घसरते. म्हणजे शेजाऱ्यांनी सुचवलेल्या उपायाने साखर उतरण्याचा धोका उलट वाढला असता.

जन्मानंतर एक-दोन तासांत प्रत्येक बाळाची साखर थोडी खाली येतेच. भरलेल्या वजनाचे बाळ यकृतातल्या साठ्यावर ती सावरून घेते. अडीच किलोखालच्या बाळाकडे तो साठा तुटपुंजा असतो, आणि आपल्या नातवंडाच्या बाबतीत हेच कारण मला सर्वांत संभवनीय वाटते. ४०-४५ च्या खाली साखर गेली की डॉक्टर सावध होतात, आणि ३२ असताना बाळ दूधही ओढत नसेल तर वाट पाहत नाहीत. अशा वेळी दहा टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे दोन मिलिलिटर, म्हणजे या बाळाला सुमारे साडेचार मिलिलिटर, देण्याची पद्धत आहे. त्यात अर्ध्या ग्रॅमहूनही कमी साखर असते. त्यानंतर हळूहळू ठिबक चालू ठेवून पुन्हा पुन्हा टाच टोचतात आणि चिकाचे दूध सुरू होताच ते ठिबक उतरवत नेतात. (टाच टोचताना बाळ रडते आणि घरचे कासावीस होतात, पण लहान वजनाच्या बाळाची ती तपासणी टाळू नये.)

ज्या मातांना मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असते, त्यांना ग्लुकोज द्यावे लागू शकते. मात्र ते मोजून, दर तासाला साखर पाहत दिले जाते. प्रसूतीनंतर आईला डेक्स्ट्रोज लावले, तर नाळ कापलेली असल्याने बाळाला त्याची झळ नसते.

आपली एक तक्रार मात्र मला रास्त वाटते. ठरवून केलेल्या सिझेरियनआधी हलके जेवण सहा तास बंद ठेवणे आवश्यक असले, तरी साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, आणि निरोगी गर्भवतीला साडेचौदा तास तहानलेले ठेवण्याचे कारण सहसा नसते. पुढच्या खेपेस ‘शेवटचे पाणी किती वाजता प्यायचे?’ हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारून घ्यावे.