दुभाषी तुम्ही होऊ नका, पत्र मात्र लिहून द्या

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. माझ्या मुलाच्या बालवर्गातला एक चार वर्षांचा मुलगा अजून दोन शब्दांपुढे बोलत नाही. त्याच्या आईला फक्त स्पॅनिश येतं. ‘घरी स्पॅनिश, शाळेत इंग्रजी, म्हणून उशीर होतोय, वर्षभर थांबा,’ असं तिला सांगितलं गेलं. मला स्पॅनिश येतं. शाळेच्या बैठकीत मी दुभाषी म्हणून बसू का?

उत्तर : बसा जरूर, पण तिच्या सोबतीला. दुभाषी देणं ही शाळेची जबाबदारी आहे. विशेष शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यातच ती लिहिलेली आहे. तुम्ही भाषांतरात गुंतलात, तर तिच्या बाजूने प्रश्न कोण विचारणार?

‘थांबा’ हा सल्ला मात्र मानू नका. दोन भाषांमुळे वाचा-भाषेचा विकार होत नाही, आणि खरी अडचण असली तर ती स्पॅनिशमध्येही दिसते. म्हणूनच तपासणी स्पॅनिशमध्येही व्हायला हवी. नुसत्या इंग्रजी चाचणीवरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो. घरात स्पॅनिश बोलणं तिने मुळीच बंद करू नये.

आता तपासणीची मागणी करणारं पत्र. तोंडी विनंती केली की तारखेचा पुरावा राहत नाही आणि महिने निघून जातात. पत्र स्पॅनिशमध्ये चालतं. त्यात मुलाचं नाव, जन्मतारीख, रोजच्या अडचणींची दोन-तीन ठोस उदाहरणं, ‘विशेष शिक्षणासाठी तपासणी करावी’ हे स्पष्ट वाक्य आणि दुभाष्याची मागणी असू द्या. कार्यालयात देताना आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. तिथून १५ दिवसांत शाळेने तपासणीचा आराखडा द्यायचा असतो. आईने त्यावर सही करून दिल्यापासून ६० दिवसांत तपासणी आणि बैठक, दोन्ही. मोठ्या सुट्ट्या यात धरत नाहीत.

तपासणीचे अहवाल बैठकीआधीच लेखी मागा. मागितल्यापासून कामाच्या ५ दिवसांत ते मिळायला हवेत. बैठकीचं ध्वनिमुद्रण करायचं असेल तर २४ तास आधी कळवावं लागतं. बैठकीत ‘सी, सी’ (स्पॅनिशमध्ये ‘हो, हो’) म्हणजे बहुधा ‘ऐकतेय’ एवढंच. तो होकार समजला जाऊ नये, म्हणून ‘काय ठरलं ते तुझ्या शब्दांत सांग’ असं तिला अधूनमधून म्हणा. हजेरीची सही आणि संमतीची सही वेगळी असते, हे आधीच समजावून ठेवा. वैयक्तिक शिक्षण-योजना म्हणजे मुलाला शाळा कोणती मदत देणार याचा बैठकीत ठरणारा लेखी आराखडा. त्याची स्पॅनिश प्रत मागितली की शाळेला द्यावी लागते. ती घरी नेऊन वाचावी; पटलेल्या भागालाच संमती देता येते, बाकीचा भाग नाकारता येतो.

स्थलांतराच्या कागदपत्रांच्या भीतीने ती मागे राहत असेल, तर हेही सांगा : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या निकालानुसार स्थलांतराच्या दर्जावरून मुलाला सरकारी शाळेचं शिक्षण नाकारता येत नाही.