वाचकांचे प्रश्न : स्पंज ओळखायचा कसा?

प्रश्न : खडकावर सापडलेला स्पंज कोणत्या वर्गातला, हे साध्या सूक्ष्मदर्शकाने कळेल का? शास्त्रीय नावापुढे शास्त्रज्ञाचे नाव कधी कंसात, तर कधी कंसाविना का छापतात?

उत्तर : वर्ग बहुधा कळतो; जाती ठरवायला तज्ज्ञच लागतो. रंग-आकारावर विसंबू नका. एकच जाती लाटांच्या माऱ्यात चपटी पसरते, शांत पाण्यात उंच वाढते. भरवशाच्या असतात त्या कंटिका, म्हणजे स्पंजाच्या सांगाड्यातल्या सूक्ष्म सुया. तांदळाएवढा तुकडा परीक्षानळीत घालून तो बुडेल इतके ब्लीच ओता. ऊती विरघळली की कंटिका तळाशी बसतात. वरचा द्रव हलकेच काढून चार-पाच वेळा पाण्याने धुवा, दर वेळी पंधरा मिनिटे थांबा. घाई केली की बारीक कंटिका वाहून जातात आणि जाती ठरवताना बऱ्याचदा त्याच लागतात. धुणे अपुरे राहिले तर काचपट्टीवर मिठाचे स्फटिक दिसून फसगत होते.

आता धुतलेल्या कंटिकांवर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर कंटिका चुनखडीच्या, म्हणजे वर्ग कॅल्केरिया. ब्लीच शिल्लक असताना मात्र आम्ल मुळीच नको, विषारी क्लोरीन सुटतो! बुडबुडे नसतील तर किनाऱ्यावरचा नमुना बहुतेक डेमोस्पॉन्जी या सिलिकाच्या कंटिकांच्या वर्गातला. कंटिकाच नसल्या तरी गोंधळू नका. अंघोळीच्या स्पंजात फक्त स्पाँजिन या लवचीक प्रथिनाचे तंतू असतात.

नावापुढचा शास्त्रज्ञ म्हणजे जातीला प्रथम नाव देणारा; कंसाचा अर्थ, जातीची प्रजाती (genus, नावातला पहिला शब्द) नंतर बदलली. पॅलासने १७६६ साली ‘स्पॉन्जिया’त घातलेली जाती आज ‘हॅलिकॉन्ड्रिया पॅनिसिया (पॅलास, १७६६)’ अशी लिहितात. ‘स्पॉन्जिया ऑफिसिनॅलिस लिनियस, १७५९’ मूळ प्रजातीतच आहे, म्हणून कंस नाही.